लहान मुलांच्या घरात मोठा कुत्रा : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक आढावा

प्रश्नाची व्याप्ती

लहान मुले असलेल्या घरात आकाराने फार मोठा कुत्रा पाळावा की पाळू नये, याची चर्चा मराठीत बहुधा दोन प्रसंगी होते : एखाद्या कुत्र्याने मुलाला फाडल्याची बातमी आली म्हणजे भीतीच्या स्वरात, आणि एखाद्या कुत्र्याने धन्यासाठी जीव दिल्याची आठवण निघाली म्हणजे कौतुकाच्या स्वरात. या दोहोंच्या मधला रोजचा व्यवहार, म्हणजे कुत्रा कोठे बांधला जातो, त्याला भाकरी कोण घालते, मूल त्याच्यापाशी खेळत असताना घरातले जाणते माणूस किती अंतरावर असते, हा पशुवैद्यक आणि बालरोगतज्ज्ञ यांनी गेल्या तीन-चार दशकांत पद्धतशीरपणे तपासला असून त्यातून काही गोष्टी बऱ्यापैकी निश्चित झाल्या आहेत, तर काहींवर मतभेद कायम आहेत. प्रस्तुत लेखात या अभ्यासाचा आढावा बीड जिल्ह्याची परिस्थिती समोर ठेवून घेतला आहे.

'मोठा कुत्रा' या शब्दप्रयोगाने येथे पूर्ण वाढीनंतर सुमारे २५ किलोंहून अधिक वजनाचा कुत्रा अभिप्रेत आहे. ४५ किलोंच्या पुढच्या जातींना पशुवैद्यकात अतिमोठ्या किंवा महाकाय जाती म्हणतात. 'लहान मूल' म्हणजे जन्मापासून साधारण सहा वर्षांपर्यंतचे, शाळेत नुकतेच जाऊ लागलेले किंवा अद्याप अंगणवाडीत असलेले मूल. पूर्ण वाढीच्या ग्रेट डेन नराची खांद्यापाशी उंची किमान ७६ सेंटीमीटर आणि वजन ५४ किलो किंवा त्याहून अधिक असते, तर तीन वर्षांच्या मुलाची उंची ९५ सेंटीमीटरच्या आसपास आणि वजन १४ किलोंच्या आत-बाहेर असते, हे दोन आकडे शेजारी ठेवले की मुलाचा चेहरा आणि कुत्र्याचा जबडा एकाच पातळीवर येतात हे ध्यानात येते, आणि पुढील विवेचनाचा मोठा भाग या एका वस्तुस्थितीवर उभा आहे.

पार्श्वभूमी : वस्तीवरचा कुत्रा आणि बंगल्यातला कुत्रा

बीड जिल्ह्यात अकरा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार आणि त्यांपैकी जवळजवळ चार-पंचमांश ग्रामीण आहे. गावठाणापासून दूर शेतात राहणारी कुटुंबे, आखाड्यावर बांधलेली जनावरे आणि मेंढरे राखणारी धनगर कुटुंबे यांच्यासाठी कुत्रा ही हौस नसून राखणीची गरज आहे. धार्मिक परंपरेतही कुत्र्याला स्थान आहे. खंडोबाच्या सोबतचा कुत्रा आणि दत्तात्रेयांच्या पायाशी असलेले चार कुत्रे हे मराठी माणसाच्या परिचयाचे आहेत. तरीही हा मान कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेऊन येत नाही. परंपरेने कुत्रा अंगणाचा, गोठ्याचा, मेंढरांच्या वाड्याचा राहिला. त्याला उरलेली भाकरी मिळे, तो दिवसभर मोकळा हिंडे, मुलांचा त्रास झाला तर उठून दूर जाऊन बसे आणि रात्री राखणीला परत येई. दूर जाण्याची ही मुभा किती महत्त्वाची होती, हे आधुनिक अभ्यासाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होते.

मराठवाड्याचा दक्षिण भाग आणि कर्नाटकाची सीमा या पट्ट्यात कारवान व पश्मी या शिकारी जातींचे कुत्रे आढळतात, आणि बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हाउंड याच गोत्रातील आहे. हे कुत्रे उंच असले तरी अंगाने सडपातळ असतात. पंतप्रधानांनी ३० ऑगस्ट २०२० रोजी 'मन की बात' कार्यक्रमात मुधोळसह देशी जातींचा उल्लेख केल्यानंतर त्यांच्याविषयीचे कुतूहल वाढले. बीड, अंबाजोगाई, परळी यांसारख्या शहरांतील नव्या वसाहतींत मात्र लोकांच्या तोंडी 'अल्सेशियन' असलेला जर्मन शेफर्ड, डॉबरमन, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर आणि क्वचित ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्ड अशी नावे येतात. त्यामुळे आज जिल्ह्यात दोन वेगळ्या व्यवस्था एकाच वेळी चालू आहेत : एक, मोकळ्या राखणदार कुत्र्याची, जी गावोगावच्या रहदारीमुळे आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे हळूहळू साखळीकडे सरकत आहे; दुसरी, विकत आणलेल्या जातिवंत पिलाची, जे घरातल्या मुलांच्या हट्टापायी येते आणि वर्षभरात मुलांपेक्षा कितीतरी वजनदार होते.

धोक्याचे स्वरूप : किती वेळा आणि किती खोल

या विषयावरील चर्चेत सर्वाधिक गोंधळ कुत्रा चावण्याची वारंवारता आणि चावल्याने होणारी इजा या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यामुळे होतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डफी आणि सर्पेल यांनी शू यांच्यासह २००८ मध्ये मालकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांच्या आधारे तीसहून अधिक जातींची तुलना केली, तेव्हा माणसांविरुद्ध आक्रमकतेत डॅक्सहुंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरिअर या लहान जाती आघाडीवर आढळल्या. २०१३ मध्ये सिडनीच्या मॅकग्रीव्ही आणि सहकाऱ्यांनीही कुत्र्याची उंची जसजशी कमी तसतशा नको असलेल्या अनेक सवयी अधिक, असा निष्कर्ष काढला. म्हणजे मोठा कुत्रा अधिक वेळा चावतो असे म्हणता येत नाही. परंतु तो चावला तर होणारी जखम खोल असते, आणि मूल लहान असल्यास ती बहुधा डोके, चेहरा किंवा मान या ठिकाणी होते, कारण कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर तेच अवयव असतात. चावण्याखेरीज धडकेने पाडणे, नखांनी ओरबाडणे, साखळीचा वेढा मुलाच्या पायात किंवा गळ्यात बसणे हेही धोके आकाराशी थेट निगडित आहेत, आणि त्यांत कुत्र्याचा स्वभाव कितीही गोड असला तरी फरक पडत नाही.

दुसरी निश्चित झालेली गोष्ट अशी की लहान मुलांना चावणारा कुत्रा पुष्कळदा अनोळखी नसून घरचा किंवा शेजारचा असतो आणि प्रसंग घराच्या आवारात घडतो. रायस्नर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मुलांना चावलेल्या १११ कुत्र्यांची तपासणी केली, तेव्हा ओळखीच्या मुलांना कुत्रे मुख्यतः अन्न किंवा आपली वस्तू राखताना चावले होते, तर अनोळखी मुलांना आपली हद्द राखताना. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश कुत्रे पूर्वी कोणत्याही मुलाला चावलेले नव्हते, आणि सुमारे निम्म्यांत काही ना काही दुखण्याची नोंद किंवा शंका होती. 'आमचा कुत्रा आजवर कुणा मुलाला चावला नाही' हे वाक्य सुरक्षिततेचा पुरावा म्हणून ऐकवले जाते. या तपासणीनंतर त्याचे वजन बरेच कमी होते.

तिसरी गोष्ट मुलांच्या आकलनाची. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठात कर्स्टिन माइंट्स यांच्या गटाने दाखवून दिले की चार वर्षांच्या आसपासची अनेक मुले दात विचकणाऱ्या कुत्र्याचा चेहरा पाहून तो हसतो आहे असे समजतात. कुत्रा चावण्यापूर्वी सहसा मान वळवतो, जांभई देतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो आणि मग दात विचकून गुरगुरतो. या क्रमातील पहिल्या पायऱ्या मोठ्यांनाही ओळखता येत नाहीत आणि शेवटची पायरी मुलाला हसण्यासारखी वाटते, तेव्हा कुत्र्याने दिलेला इशारा कोणापर्यंत पोहोचतच नाही.

जातीवर भर देणारी भूमिका

काही जाती मूळ झुंजीसाठी किंवा माणसावर हल्ला करण्यासाठी निवडून वाढवल्या गेल्या असून त्या सर्वसामान्य घरात, विशेषतः मुलांच्या घरात, नकोतच, ही भूमिका सर्वांत परिचित आहे आणि अनेक देशांच्या कायद्यांनी ती स्वीकारली आहे. ब्रिटनच्या १९९१ च्या कायद्याने पिटबुल टेरिअर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो हे चार प्रकार निषिद्ध केले आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून एक्सएल बुली प्रकारचा कुत्रा सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय बाळगणे इंग्लंड व वेल्समध्ये गुन्हा ठरवले. अमेरिकेत सॅक्स आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १९७९ ते १९९८ या काळातील प्राणघातक हल्ल्यांच्या मोजणीत पिटबुल आणि रॉटवायलर या दोन प्रकारांचा वाटा निम्म्याहून अधिक होता, आणि हा आकडा या भूमिकेचा मुख्य आधार आहे.

भारतात १२ मार्च २०२४ रोजी केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने राज्यांना परिपत्रक पाठवून पिटबुल, रॉटवायलर, मास्टिफ, केन कोर्सो, कांगल, अकबाश, मध्य आशियाई व कॉकेशियन शेफर्ड आदी २३ प्रकारांची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी व पूर्वीपासून पाळलेल्यांचे निर्बीजीकरण करावे असे सुचवले. कर्नाटक उच्च न्यायालयाने आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये हे परिपत्रक रद्द ठरवले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता असा निर्णय घेता येत नाही, हा आक्षेपाचा गाभा होता. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यातील हणजूण येथे पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर उग्र समजल्या जाणाऱ्या जातींना आळा घालण्याचे विधेयक २०२५ मध्ये गोवा विधानसभेपुढे आले.

या भूमिकेच्या बाजूने एक युक्तिवाद गांभीर्याने घ्यावा लागतो. प्रत्येक घरातील पाळणूक तपासणे कोणत्याही शासनयंत्रणेला शक्य नसते, उलट पैदास आणि विक्री यांवर नियंत्रण ठेवणे तुलनेने सोपे असते. आणि ज्या समाजात कुत्र्याला शिकवण देणारे, स्वभाव पारखणारे तज्ज्ञ तालुक्याच्या गावी उपलब्ध नाहीत, तेथे चुकीला सर्वांत मोठी शिक्षा देणारे कुत्रे मुळातच येऊ न देणे हा सावधपणाचा मार्ग ठरतो.

विरोधी बाजूचे आक्षेपही तितकेच भक्कम आहेत. सॅक्स यांच्या लेखातच या आकड्यांवरून धोरण ठरवू नये असा इशारा होता, कारण प्रत्येक जातीचे एकूण किती कुत्रे समाजात आहेत हे ठाऊक नसताना धोक्याचे प्रमाण काढता येत नाही. नेदरलँड्सने १९९३ मध्ये आणलेली पिटबुलबंदी चावण्याच्या घटना घटत नाहीत असे आढळल्यावर २००८ मध्ये मागे घेतली, आणि डेन्मार्कच्या २०१० च्या जातिबंदीनंतर ओडेन्स येथील रुग्णालयाच्या नोंदींत चावलेल्यांची संख्या कमी झाल्याचे दिसले नाही. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मॉरिल व सहकाऱ्यांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या आधारे दाखवले की एकेका कुत्र्याच्या वर्तनातील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीने उलगडतो. येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे : केंद्राच्या यादीतील कांगल, अकबाश आणि मध्य आशियाई शेफर्ड हे तुर्कस्तान व मध्य आशियातील मेंढपाळांचे राखणदार कुत्रे आहेत, म्हणजे बीडच्या धनगराच्या वाड्यावरील कुत्रा जे काम करतो तेच काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे. माळरानावर हजारो वर्षे कामाला आलेला कुत्रा सिमेंटच्या आवारात, अनोळखी हवामानात आणि एकाकीपणात ठेवला तर काय होते, हा प्रश्न यादीने सुटत नाही.

पाळणुकीवर भर देणारी भूमिका

दुसऱ्या भूमिकेचा आधार असा की कुत्र्याची जात बदलता येत नसली तरी त्याला कसे ठेवायचे हे घरच्यांच्या हाती असते, आणि गंभीर घटनांमध्ये पुन्हापुन्हा आढळणारे दोष हे ठेवण्यातले असतात. पॅट्रोनेक आणि सहकाऱ्यांनी २००० ते २००९ या दशकात अमेरिकेत झालेल्या २५६ प्राणघातक हल्ल्यांचा तपशील पोलिस आणि प्राणी-नियंत्रण यंत्रणांच्या अहवालांतून मिळवला. त्यांपैकी ८७ टक्के घटनांत मध्ये पडू शकेल असे धडधाकट माणूस जवळ नव्हते, ८४ टक्के घटनांत कुत्र्याचे निर्बीजीकरण झालेले नव्हते, ७७ टक्के बळी वयामुळे किंवा अन्य कारणाने कुत्र्याशी नीट वागण्यास असमर्थ होते, आणि ७६ टक्के घटनांतील कुत्रे कुटुंबात मिसळलेले नसून केवळ आवारात राहणारे होते. बहुतेक घटनांत यांपैकी अनेक घटक एकत्र आलेले होते, आणि या अभ्यासाचा खरा धडा तोच आहे.

साखळीविषयी सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास गर्शमन व सहकाऱ्यांचा असून तो १९९४ मध्ये डेन्व्हर शहरातील चावलेल्या आणि न चावलेल्या कुत्र्यांची तुलना करून प्रसिद्ध झाला. अंगणात साखळीने बांधलेल्या कुत्र्यांत चावण्याची शक्यता सुमारे २.८ पट आढळली, आणि घरात मूल असणे हाही शक्यता वाढवणारा घटक ठरला. अर्थात हा संबंध दोन्ही दिशांनी वाचता येतो : बांधल्यामुळे कुत्रा चिडखोर होतो, किंवा चिडखोर असल्यामुळेच तो बांधला जातो. तरीही बांधलेल्या कुत्र्याला दूर जाता येत नाही, त्याच्याजवळ येणाऱ्या मुलाला साखळीची लांबी कळत नाही आणि भाकरीची थाळी त्याच वर्तुळात असते, या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते हे समजण्यास आकडेवारीची वाट पाहण्याची गरज नाही. मराठवाड्यात कुत्रा 'कडक' व्हावा म्हणून त्याला दिवसा बांधून माणसांत मिसळू न देण्याची जी पद्धत आहे, ती या दृष्टीने घरातल्या मुलांनाच सर्वाधिक महाग पडणारी आहे.

पिलाच्या वयाचा मुद्दाही येथेच येतो. स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या संशोधनापासून हे मान्य झाले आहे की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिलू ज्या प्रकारच्या माणसांच्या सहवासात येते त्यांना ते पुढे आपले मानते. मुले न पाहिलेल्या पिलाला पुढे मूल हा अनोळखी, अनपेक्षित हालचाली करणारा प्राणी वाटू शकतो. शिक्षेबद्दल हेरॉन, शोफर आणि रायस्नर यांच्या २००९ च्या पाहणीत लाथ किंवा फटका मारलेल्या कुत्र्यांपैकी ४३ टक्क्यांनी उलट आक्रमकता दाखवल्याचे मालकांनीच सांगितले. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो; चावणे सोडतोच असे नाही.

मुलांना शिकवल्याने काय साधते, यावर पुरावा अर्धवट आहे. चॅपमन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये सिडनीतील सात-आठ वर्षांच्या शाळकरी मुलांना अर्ध्या तासाचा पाठ दिला. काही दिवसांनी शाळेच्या आवारात बांधलेल्या अनोळखी कुत्र्याला शिकवलेल्या मुलांपैकी ९ टक्क्यांनी हात लावला, न शिकवलेल्यांपैकी ७९ टक्क्यांनी. परंतु २००९ च्या कोक्रेन आढाव्याने, म्हणजे सर्व उपलब्ध प्रयोग एकत्र पडताळणाऱ्या परीक्षणाने, अशा शिक्षणामुळे प्रत्यक्ष चावे कमी होतात याचा थेट पुरावा नाही असे नमूद केले. शिवाय हे प्रयोग शाळकरी मुलांवर झाले. दोन-तीन वर्षांच्या मुलाला पाठ देऊन भागत नाही. त्या वयात देखरेख हाच उपाय सांगितला जातो, पण व्हिएन्नातील पाहणीत पालक घरच्या कुत्र्याच्या बाबतीत परक्या कुत्र्यापेक्षा अधिक निर्धास्त राहतात असे दिसले. म्हणून अनेक तज्ज्ञ आता नजर ठेवण्याऐवजी अडसराचा आग्रह धरतात : मूल रांगत किंवा निजलेले असताना कुत्रा आणि मूल यांच्यामध्ये बंद दार किंवा जाळी असावी, पाळण्यातल्या किंवा झोळीतल्या बाळापाशी कुत्रा एकटा कधीच नसावा, आणि कुत्र्याच्या खाण्याच्या व निजण्याच्या जागी मुलाने जाऊ नये.

लाभाची बाजू

मुलांच्या प्रकृतीवर कुत्र्याच्या सहवासाचा चांगला परिणाम होतो असे सांगणारे अभ्यास मुख्यतः उत्तर युरोपातील आहेत. फिनलंडमध्ये ३९७ बालकांच्या २०१२ च्या अभ्यासात घरात कुत्रा असलेल्या मुलांना पहिल्या वर्षी श्वसनाचे व कानाचे विकार कमी झाले, आणि स्वीडनमधील सहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१५ च्या अभ्यासात पहिल्या वर्षी कुत्र्याचा सहवास लाभलेल्यांत शाळकरी वयातील दम्याचा धोका सुमारे १३ टक्के कमी आढळला. गुराढोरांत, मातीत वाढणाऱ्या बीडच्या खेड्यातील मुलाला हा लाभ कितपत लागू होतो हे सांगणे अवघड आहे. राखणीचा आधार, सोबत आणि मुक्या जिवाची काळजी घेण्याचे वळण हे लाभ मोजता येत नसले तरी खरे आहेत, आणि एकाकी वस्तीवर राहणारी बाई मोठा कुत्रा का सोडत नाही याचे उत्तर त्यांतच आहे.

बीडची तीन वैशिष्ट्ये : स्थलांतर, बिबट्या आणि ऊन

परदेशी अभ्यासांतील घर हे आई-वडील, मुले आणि कुत्रा यांचे वर्षभर चालणारे घर आहे. बीडचे घर तसे नाही. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. काही मुले त्यांच्याबरोबर फडाजवळच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, जातात, काही हंगामी वसतिगृहांत, तर काही आजी-आजोबांपाशी गावीच राहतात. ज्या माणसाच्या हाताने कुत्रा खातो आणि ज्याचा शब्द तो ऐकतो, ते माणूस पाच-सहा महिने नाहीसे होते. मागे उरतात म्हातारी माणसे, लहान मुले आणि राखणीसाठी बांधलेला दांडगा कुत्रा. पॅट्रोनेक यांच्या अभ्यासातील पहिला घटक, म्हणजे मध्ये पडू शकणारे धडधाकट माणूस जवळ नसणे, हा येथे अपघात नसून हंगामाची रीत आहे. कोपीवर गेलेल्या मुलांचीही स्थिती निराळी नाही, कारण पहाटेपासून आई-बाप फडात असतात आणि कोपीभोवती स्वतःची, दुसऱ्यांची व बेवारस अशी सर्व कुत्री मुलांच्या बरोबरीने वावरतात. या विषयाच्या साहित्यात बीडसारख्या कुटुंबाला जागाच मिळालेली नाही, आणि या आढाव्यात दिसलेली सर्वांत गंभीर उणीव हीच मानावी लागते.

दुसरे वैशिष्ट्य बिबट्याचे. नोव्हेंबर-डिसेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यांत एक लहान मुलगा होता, आणि शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) व सोलापूर जिल्ह्यांतही बळी गेल्यानंतर करमाळा तालुक्यात त्या बिबट्याला गोळी घालण्यात आली. अशा प्रसंगानंतर वस्तीवर दांडगा कुत्रा असावा ही इच्छा स्वाभाविक आहे. कुत्रा भुंकतो, माणसे जागी होतात. पण विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा जो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात त्यांच्या एकूण भक्ष्याच्या वजनात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. म्हणजे कुत्रा हा राखणदार आहे तसाच तो बिबट्याचे भक्ष्यही आहे, आणि उघड्यावर बांधलेला कुत्रा बिबट्याला अंगणापर्यंत आणू शकतो. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर मुले निजवणाऱ्या घराने कुत्रा त्यांच्याजवळ बांधावा, दूर बांधावा की बंदिस्त जागेत ठेवावा, यावर वन्यजीव अभ्यासक आणि शेतकरी यांचे एकमत झालेले नाही. बंदिस्त गोठ्याचा सल्ला मात्र दोन्ही बाजूंनी दिला जातो.

तिसरे, ऊन. मे महिन्यात बीडचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि सेंट बर्नार्डसारखी आल्प्समधील दाट केसांची जात पत्र्याच्या शेडखाली बांधणे ही त्या प्राण्याची निखालस यातना आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अमेरिकेतील आठ शहरांतील सुमारे ६९ हजार ५०० चाव्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उष्ण, कडक उन्हाच्या आणि ओझोनने दूषित हवेच्या दिवशी चावे काही टक्क्यांनी वाढलेले आढळले. हा परिणाम कुत्र्याच्या चिडचिडीचा की माणसांच्या वावराचा हे मात्र त्यातून वेगळे काढता आले नाही. पन्नास-साठ किलोंच्या कुत्र्याला दिवसाला तीन लिटरांहून अधिक आणि उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त पाणी लागते. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा हिशेब पिलू आणण्यापूर्वीच करावा लागतो.

रेबीज आणि जंत

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची भीती जुनी असली तरी त्यावरील उपाय आता पूर्ण बदलले आहेत. पोटात चौदा इंजेक्शने देण्याची लस भारताने २००४ अखेर बंद केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात, त्यांतील सुमारे ३६ टक्के भारतात, आणि बळींत पंधरा वर्षांखालील मुलांचा वाटा मोठा असतो. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे, हळद, चुना किंवा मिरची न भरणे, त्याच दिवशी लस सुरू करणे आणि रक्त आलेल्या जखमेसाठी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, घेणे, याबाबत वैद्यकात मतभेद नाही. चेहरा आणि डोके यांवरील जखम मेंदूच्या जवळ असल्याने मुलांच्या बाबतीत वेळ आणखी कमी असतो. घरचा कुत्रा लस टोचलेला असेल तर धोका कमी होतो. तरीही राखणीचा कुत्रा रात्री मोकळा सुटत असेल तर भटक्या कुत्र्यांशी त्याची गाठ पडतेच, म्हणून दरवर्षीची लस चुकवता येत नाही.

जंतांकडे फारसे कोणी पाहत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून पडणाऱ्या गोलकृमींची अंडी मातीतून मुलांच्या तोंडात जातात, आणि मेंढीचे कच्चे काळीज-फुप्फुस खाणाऱ्या कुत्र्यामार्फत माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ करणारा फीतकृमी पसरतो. मेंढपाळ कुटुंबात कुत्र्याला जंताचे औषध देणे हे मुलांच्या औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

कायद्याची स्थिती

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातील प्राण्यामुळे माणसाला धोका किंवा इजा होऊ नये याची पुरेशी खबरदारी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१७ च्या श्वान पैदास नियमांनी पैदास करणाऱ्याला नोंदणी बंधनकारक केली असून आठ आठवड्यांखालील पिलाची विक्री मना आहे. २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आणि २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाचे आदेश यांचा रोख मुख्यतः भटक्या कुत्र्यांकडे आहे. घरातल्या मुलाला घरच्याच कुत्र्याने इजा केली तर तक्रार करणारे आणि जबाबदार असणारे कुटुंब एकच असते. त्यामुळे असे प्रसंग कायद्यापर्यंत सहसा पोहोचत नाहीत.

अनिर्णित मुद्दे

निर्बीजीकरणाने आक्रमकता कमी होते हा जुना विश्वास अलीकडे डळमळला आहे. शिवाय मोठ्या जातींत ते फार लवकर केल्यास सांध्यांचे विकार वाढतात असे कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील अभ्यासांनी दाखवले, त्यामुळे योग्य वय कोणते यावर पशुवैद्यकांत एकवाक्यता नाही. कारवान, पश्मी आणि गावठी राखणदार कुत्र्यांच्या मुलांशी असलेल्या वागणुकीचा युरोपीय जातींसारखा तपशीलवार अभ्यास झालेला नाही, म्हणून देशी कुत्रा मुलांना अधिक सुरक्षित, हे विधान आज सिद्ध मानता येत नाही आणि खोटेही ठरवता येत नाही. साखळी, मोकळीक आणि बंदिस्त आवार यांपैकी वस्तीवर कोणती व्यवस्था मुलांना सर्वांत कमी धोक्याची, याचे उत्तर डेन्व्हरच्या आकड्यांतून मिळणार नाही.

उपलब्ध पुराव्यावरून एवढे मात्र ठामपणे म्हणता येते की ज्या घरात सहा वर्षांखालील मूल आहे आणि कुत्र्याला आवरू शकेल असे माणूस वर्षातील काही महिने घरी नसते, त्या घराने २५ किलोंहून मोठा कुत्रा नव्याने आणू नये. आणि असा कुत्रा आधीपासूनच असेल, तर गावात मागे राहणाऱ्या एका धडधाकट माणसाकडे त्याच्या खाण्यापिण्याची व आवरण्याची जबाबदारी फडावर जाण्यापूर्वीच सोपवावी. यापुढचे काम जवळच्याच संस्थांचे आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, बीडचे जिल्हा रुग्णालय आणि परभणी व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये यांनी मिळून श्वानदंशाच्या नोंदवहीत चार रकाने वाढवावेत : कुत्रा कोणाचा होता, साधारण केवढा होता, बांधलेला होता की मोकळा, आणि त्या वेळी मुलाजवळ कोण होते. एका गाळप हंगामाच्या नोंदीही या जिल्ह्यापुरत्या अनेक वाद मिटवण्यास पुरेशा ठरतील.